लघवीनंतर धडधडतं? चोवीस तासांचा नमुना असा गोळा करा

मी कोथरूडमधल्या एका लॅबमध्ये नमुने घेते. लघवी करताना किंवा झाल्या झाल्या डोकं ठणकत असेल, छाती धडधडत असेल, दरदरून घाम येत असेल, तर ‘बीपीचंच असेल’ म्हणून सोडू नका. क्वचित मूत्राशयात पॅरागँग्लिओमा नावाची, चेतापेशींशी संबंधित गाठ असते आणि मूत्राशय आवळला की ती नॉरअ‍ॅड्रिनलिन हे बीपी चढवणारं संप्रेरक रक्तात सोडते. लघवीआधी आणि लगेच नंतर बीपी मोजून वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा.

त्यांनी मेटानेफ्रिनची (अशा संप्रेरकांपासून शरीरात बनून लघवीत उतरणाऱ्या पदार्थांची) तपासणी सांगितली, तर सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्या. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सातची धरून. एकही चुकली तर आकडा कमी येतो. कॅनमध्ये बहुधा आम्ल असतं. थेट त्यात करू नका, वेगळ्या मगात धरून हळूच ओता. कॅन फ्रिजमध्येच ठेवा, पुण्याच्या एप्रिलमध्ये तर नक्कीच. आजींना मी मगाला लाल दोरा बांधून देते, म्हणजे घरात कुणी तो आंघोळीला घेत नाही.

नैराश्याच्या, सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मनाने बंद करू नका. मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी ठरली असेल, तर हा त्रास त्याआधीच सांगा. अशा गाठीला धक्का लागला तर बीपी भयंकर चढतं, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी अल्फा ब्लॉकर हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सुरू करतात.