बोरिवलीतून खाडी आणि डोंगर: उन्हाळी सहलीतल्या या चुका टाळा

मामाचे गाव म्हटले की इतरांच्या डोळ्यांपुढे आंब्याची झाडे आणि विहीर येते. आमच्या घरातील मुलांच्या मामाचे गाव मात्र बोरिवली पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर आहे. एप्रिलच्या अखेरीस शाळा संपल्या की पुण्याची आणि नाशिकची भाचरे येथे दाखल होतात, आणि दुसऱ्याच दिवशी सायकली व कायाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) यांची मागणी सुरू होते. घराच्या एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला गोराईची खाडी असल्यामुळे ही मागणी नाकारण्यास सबळ कारण सापडत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडून ज्या चुका झाल्या आणि धक्क्यावर उभे राहून इतरांच्या ज्या पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ साहित्यात नव्हते, वेळ निवडण्यात होते. म्हणून प्रथम वेळेविषयीच सविस्तर लिहितो.

सोयीचा रविवार धरून खाडीत उतरणे

सर्वांना सुट्टी असलेला दिवस आणि उन्हापूर्वीचा गारवा, एवढ्या दोनच गोष्टी पाहून आम्ही एका अक्षय्य तृतीयेला सकाळी साडेसहा वाजता दोन कायाक पाण्यात सोडल्या. पाणी संथ दिसत होते, तिवरांमधून जाणारी एक अरुंद चिंचोळी वाट मुलांना खुणावत होती आणि आम्ही तीत शिरलो. पाऊण तासाने वल्ह्याच्या पात्याला पाण्याऐवजी चिखल लागू लागला. मागे वळेपर्यंत वाटेच्या तोंडाशी चिखलाचा उंबरठा उघडा पडला होता. माझा मोठा भाचा होडी ढकलण्यासाठी खाली उतरला आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय वर आला तेव्हा चप्पल आतच राहिली होती आणि तळव्याला कालवाच्या कवचाने तिरकी चीर पडली होती. पुढे पावणेदोन तास आम्ही बगळे पाहत बसलो. घरी आमरसाची वाटी आमची वाट पाहत होती, ही गोष्ट धाकटीने त्या वेळात किमान दहा वेळा सांगितली.

त्या दिवशी काय चुकले, हे कोणत्याही कोळ्याने पंचांग न उघडता सांगितले असते. किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा की, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे सव्वादोनच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी. भरतीपासून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. आम्ही साडेसहाला निघालो तेव्हा पाणी दोन तास आणखी उतरणार हे ठरलेले होते. त्यातच अमावास्या आणि पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असल्याने पाणी नेहमीपेक्षा खूप खाली जाते. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा चढउतार कमी आणि प्रवाहही मंद असतो.

हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना लागू पडतो, पण तो ठोकताळा आहे. निघण्यापूर्वी भरतीचे छापील कोष्टक पाहावेच. मुंबईची कोष्टके सामान्यतः दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराची असतात आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, हेही लक्षात ठेवावे.

सकाळच्या फेरीसाठी दशमी, एकादशी आणि द्वादशी या तिथी मला सर्वांत सोयीच्या वाटतात. पाऊणपटीने त्या दिवशी पूर्ण भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. साडेसहाला निघावे, चढत्या पाण्याबरोबर खाडीच्या आत जावे, पाणी थांबले की वळावे आणि उतरत्या पाण्याबरोबर धक्क्याला यावे. हात दुखत नाहीत आणि ऊन चढण्याआधी घर गाठता येते. मात्र वळल्यानंतर रेंगाळू नये. ओहोटीचा पहिला तास सुस्त असतो, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ अर्धे पाणी निघून जाते, आणि त्या जोरात धक्का चुकला तर होडी मनोरीच्या तोंडाकडे, म्हणजे समुद्राकडे, ओढली जाते.

चिखलात अडकलेच तर करावयाचे एवढेच: होडीतून उतरू नये. उतरलेल्याने उभे राहण्याचा हट्ट सोडून होडीवर पालथे पडावे, पाय हळूहळू मोकळा करावा आणि पाण्याची वाट पाहावी. पाणी येतेच. जखम गोड्या पाण्याने व साबणाने लगेच धुवावी आणि ती साधी समजू नये, कारण आपल्या खाड्यांमध्ये शहराचे सांडपाणी मिसळते. सोबत एक लिटर गोडे पाणी केवळ यासाठी राखून ठेवावे.

दुपारचा वारा विसरणे

मार्च ते मे या काळात मुंबईत साधारणतः अकरानंतर समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारी तीन-चारपर्यंत त्यांचा जोर वाढत जातो. ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे धावत असताना समोरून हा वारा आला की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात, ज्या मोठ्या होडीला जाणवतही नाहीत पण कायाकला हैराण करतात. सकाळी काचेसारखे दिसणारे पाणी पाहून दुपारी तीनची वेळ ठरवणारे लोक दरवर्षी भेटतात.

लाँच जवळून गेली तर तिच्या लाटेकडे होडीचे नाक करावे. लाट आडवी घेतली तर होडी कलंडते. खाडीत रोवलेल्या डोल जाळ्यांच्या (प्रवाहात खुंटांना बांधलेल्या मासेमारीच्या जाळ्यांच्या) खुंटांजवळून आणि नांगरलेल्या होड्यांच्या दोरांजवळून, त्यांच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूने, कधीही जाऊ नये, कारण प्रवाह तुम्हाला त्यांच्यावर नेऊन दाबतो आणि तेथून सुटणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कठीण जाते. जाळे कोणाच्या तरी पोटापाण्याचे असते, हे वेगळे सांगायला नको.

होडी आणि वल्हे यांच्या तक्रारी

लाइफ जॅकेट घातलेले असते पण बांधलेले नसते. जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर पाण्यातही सरकेल, म्हणून पट्टे आवळावेत. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा.

होडी सरळ जात नाही, अशी तक्रार असेल तर आधी खालचा पंख लावला आहे का ते पाहावे. फुगवण्याच्या कायाकमध्ये तो घरीच राहतो. आमचा दोनदा राहिला. त्यानंतर वजन पाहावे. दोघांच्या होडीत जड आणि ताकदवान व्यक्तीने मागे बसावे, पुढच्याने फक्त लय धरावी. वल्ह्याचे पाते उलटे धरणे ही चूक इतकी सर्वत्र आढळते की ती करणाऱ्याने लाजू नये: पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे आणि लांब कड वर असावी. थकवा दंडांत येत असेल तर वल्हवणे केवळ हातांनी चालले आहे; कमरेपासून वळले की तोच जोर पाठीत वाटला जातो.

फुगवण्याची कायाक किनाऱ्यावर उन्हात पूर्ण फुगवून ठेवू नये. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवते. पाण्यात सोडताच तीच होडी थंड होऊन थोडी मऊ पडते आणि लोकांना ती गळते आहे असे वाटते. पाच मिनिटे पाण्यात ठेवून मगच शेवटची हवा भरावी. त्यानंतरही हवा जात असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे पाहावेत. बहुतेक वेळा आत वाळूचा कण अडकलेला असतो.

पहिल्या दिवशी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून परत चढण्याचा सराव करावा: आधी पोट होडीवर, मग वळून बैठक, शेवटी पाय. मुलांना हा खेळ वाटतो. होडी उलटली तरी तिला सोडून पोहत निघू नये, हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक 112 आहे. भ्रमणध्वनी जलरोधक पिशवीत आणि ती पिशवी होडीला न बांधता अंगावर असावी.

जागेबाबतही एक चूक होते. विहार आणि तुळशी हे तलाव मुंबईला पाणी पुरवणारे आहेत आणि पवईच्या तलावात मगरी आहेत. नकाशावर जवळ दिसले तरी ते आपल्या वल्ह्यांसाठी नाहीत. ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. स्वतःची होडी नसेल तर बंदर खात्याचा परवाना असलेल्या ठिकाणीच भाड्याने घ्यावी.

सायकलीची बाजू

डोंगरसायकल मुंबईत बहुतांश डांबरावरच चालते आणि तेथेच पहिली चूक होते. घरापासून जेट्टीपर्यंतच्या रस्त्यासाठी टणक भरलेली हवा गोराई-उत्तनच्या कच्च्या रस्त्यांवर तशीच ठेवली जाते. फेरीबोटीत दुचाकीही चढवतात, त्यामुळे सायकली पलीकडे नेणे सोपे आहे, पण उतरल्यावर दोन मिनिटे थांबून हवा कमी करावी. साधारण 65 किलो वजनाच्या स्वाराला 2.1 इंची टायरमध्ये डांबरावर 40 ते 45 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) आणि मुरमावर 30 च्या आसपास पुरते. उन्हाळ्यात वाटांवर वाळलेल्या पानांचा थर असतो आणि त्याखाली सुटे दगड लपलेले असतात. टणक चाक त्यांवरून उसळते आणि वळणावर घसरते.

पंक्चर झाल्यास नवी ट्यूब घालण्याआधी जुनीकडे नीट पाहावे. शेजारी-शेजारी दोन भोके असतील तर हवा फारच कमी होती आणि ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चेचली गेली. एकच बारीक भोक असेल तर काटा, बहुधा बाभळीचा, आणि तो अजून टायरमध्येच आहे. कापडाचा तुकडा टायरच्या आतून फिरवावा. जेथे धागा अडकेल तेथे काटा असतो. हे न करता एकाच सकाळी तीन ट्यूब वाया घालवण्याचा पराक्रम मी केलेला आहे.

मागच्या मोठ्या दातेरी चाकावर गिअर चढत नसेल तर केबल सैल झालेली असते; मागच्या डिरेलरजवळची (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळची) गोल चकती केबल ताणली जाईल अशा दिशेने अर्धा फेरा फिरवावी आणि पुन्हा पाहावे. सायकल उजव्या कुशीवर पडल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर मात्र चकतीला हात लावू नये. तेव्हा डिरेलरचा हँगर, म्हणजे तो ज्याला टांगलेला असतो तो तुकडा, वाकलेला असतो आणि सर्वांत हलक्या गिअरवर गेल्यास डिरेलर आऱ्यांमध्ये शिरून चाकच मोडू शकते. मधल्या गिअरवर सावकाश घरी यावे.

चेनला शिवणयंत्राचे तेल घालण्याची आमच्या घरातील प्रथा मी मोठ्या कष्टाने बंद केली. ते फार पातळ असते, धूळ ओढते आणि उडून ब्रेकच्या डिस्कवर गेले की ब्रेक किंचाळू लागतात व पकड जाते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅडनी तेल शोषले असेल तर ती बदलावीत. ठाण्याकडच्या येऊरच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडावेत, म्हणजे ते तापत नाहीत. सीट खाली करावी आणि शरीराचे वजन मागे न्यावे.

राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सायकलीसाठी उत्तम आहे, परंतु त्याच्या कडेच्या पाऊलवाटा परवानगीशिवाय आपल्या नाहीत, मग कोणी तेथे कितीही छान चित्रफीत काढलेली असो. येऊरही याच उद्यानाचा भाग आहे. बिबट्याचा वावर पहाटे आणि संध्याकाळी अधिक असतो, त्यामुळे उजाडल्यावरच निघावे आणि सर्वांत लहान मूल शेपटीला ठेवू नये. शेवटी नेहमी मोठ्या माणसाने असावे. सोमवारी उद्यान बंद असते, हे पाहुणे हमखास विसरतात.

उष्म्याला तापमानाच्या आकड्यावरून मोजणे

मे महिन्यात मुंबईचे कमाल तापमान 33-34 अंशांच्या घरात असते आणि नागपूरकर पाहुणे त्यावर हसतात. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही, हे त्यांना चढाच्या मध्यावर कळते. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे पाणी प्यावे, आणि तासाभराच्या वर सायकल चालवायची असेल तर त्यात मीठ असावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पुरेसे आहे; मिठाची चिमूट घातलेले कोकम सरबत मुले अधिक आवडीने पितात. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा झोकांड्या खाऊ लागले तर तो थकवा समजू नये. सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खाडी आणि डोंगर एकाच सकाळी उरकण्याचा बेत मुले हमखास मांडतात. तो मी आता मान्य करत नाही. रविवारी दशमी ते द्वादशी असेल तर कायाक, अन्यथा सायकल, असे वैशाख-ज्येष्ठाचे पान भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आधीच रंगवून ठेवलेले असते. 1 जूनपासून राज्यात मासेमारी बंदी लागते. त्याच्या आठवडाभर आधीच आमचे वल्हे कपाटावर जाते. त्यापूर्वी होडी, जॅकेटे आणि फेरीबोटीतून आलेल्या सायकली गोड्या पाण्याने धुऊन सुकवाव्या लागतात, नाहीतर खारट हवेने चेन आठवडाभरात तांबडी होते. जॅकेटे गच्चीवर सावलीत वाळवावीत. आम्ही ती जिन्याच्या कठड्यावर टाकली होती, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर त्याबद्दलची नोटीस अजून तशीच आहे.