गोधडी शिवताना मशीन जाम झालं तर

मोटारचं मशीन मध्येच ‘खट्ट’ करून थांबलं आणि चाक हाताने हलेना, की लोक सांगतात, ‘जोर लाव, सुटेल.’ अजिबात लावू नका. सुरुवातीला परळच्या आमच्या खोलीत मी तसाच जोर लावला होता. शटल, म्हणजे सुईचा दोरा पकडणारा खालचा फिरता हुक, जागेवरून सरकलं, त्याचं टोक सुईवर आपटलं आणि मेकॅनिकची वाट बघण्यात दोन दिवस गेले. बारशाला द्यायची गोधडी बारसं उरकल्यावर पोचली.

आधी स्विच बंद करा. क्लच मोटार बटण दाबल्यावरही थोडा वेळ फिरत राहते, ती पूर्ण थांबू द्या. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर घ्या, वरचा दोरा कापा, गोधडी जेमतेम उचलून खालचा गुंता कात्रीने कापा. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, काढा, सुईखालची प्लेट काढा.

आता शटल. बॉबिन केस ज्या वाटीत बसते ती जागेवर स्थिर असते आणि तिच्याभोवती शटल दर टाक्याला दोन फेरे घेतं. दोन्हींच्या मधे अगदी बारीक फट असते. दोऱ्याचं टोक तिथे ओढलं गेलं की ते पाचरीसारखं बसतं, बॅटरी मारूनही नीट दिसत नाही. त्या फटीत मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल नको. डिसेंबरात ते मुंबईतसुद्धा थिजतं आणि एरवीही आत चिकटा धरतं. पाच मिनिटं हात लावू नका.

मग चाक हातानेच फिरवायचं, आधी उलट्या दिशेने. बोटभर मागे, बोटभर पुढे. पहिल्यांदा तेवढंही हलणार नाही, केसभर हललं तरी चालेल. दर वेळी वाकून बघा. टोक दिसलं की चिमट्याने धरा, पण हिसका देऊ नका. दोरा तुटला तर उरलेला तुकडा आतच राहतो आणि पुढच्या गोधडीला पुन्हा हेच होतं. टोक निघत असेल तेवढं काढा, कापा, पुन्हा चाक हलवा. मला यात कधीकधी अर्धा तास लागतो, आणि तो द्यावाच लागतो. तरीही चाक घट्टच राहिलं तर मेकॅनिक बोलवा. शटलचे स्क्रू स्वतः सैल करू नका. सुई खालून वर निघताना शटलचं टोक नेमकं तिच्या खाचेपाशी यावं लागतं, आणि ते जुळवणं अंदाजाचं काम नाही.

निघालेले तुकडे पांढऱ्या कागदावर ठेवा. मी वर लाल आणि खाली पांढरा दोरा वापरते, म्हणून कोणाचा गुंता ते लगेच कळतं. बहुतेक वेळा लालच निघतो. तरी सगळे बॉबिन केसचा स्क्रू आवळायला सांगतात! खाली गुंता झाला म्हणजे चूक खालच्या दोऱ्याची, असं नसतं. फूट खाली असताना वरचा दोरा ओवला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि सैल सैल खाली जात राहतो. ओवताना फूट वरच हवा.

नवी सुई लावा. नऊवारीच्या पाच-सहा थरांना १६ किंवा १८ नंबर. पहिले तीन-चार टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून घाला.

जुलै-ऑगस्टमध्ये कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली मात्र रोज ब्रश फिरवा. जुन्या सुती साडीचे बारीक तंतू दमट हवेत तिथे नमद्यासारखे घट्ट बसतात. ब्रश मारताना शटलच्या टोकावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर तिथे गंज किंवा खरचट आहे, आणि दोरा तिथेच अडकत असणार.