परतलेल्या स्वयंसेवकांशी संपर्क टिकवायचा तर

पीस कोअर या परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा स्वयंसेवक साधारण २७ महिने परदेशात असतो. परतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच भेटायला येतात, एकटेपणा जाणवतो तो नंतर. म्हणून मी आमच्या गटाच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवते आणि त्या दिवशी फोन करते. मेसेज नाही, फोनच.

‘कसं होतं तिकडे?’ असं विचारू नका. त्यावर ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. ‘पाणी कुठून आणायचीस? शेजारी कोण राहायचं?’ असं विचारा. मग बोलणं तासभर चालतं, आणि शेजारच्या आजींचं नाव घेताना आवाज भरून येतो.

कामाच्या ईमेलवर विसंबू नका, सेवा संपल्यावर तो बंद पडू शकतो. स्वतःचा ईमेल आणि घरच्या एकाचा नंबर घेऊन ठेवा.

नॅशनल पीस कोअर असोसिएशन ही परतलेल्या स्वयंसेवकांची संघटना १९७९ पासून आहे. तिच्याशी जोडलेले काही गट शहरांचे आहेत, काही सेवेच्या देशांचे. माझ्या मते आधी देशाच्या गटाशी गाठ घालून द्या, तिथली भाषा बोलायला माणसं मिळतात. नोकरीसाठी ओळखी हव्या असतील तर शहराचा गट बरा. आणि नुसतं भेटीला बोलावू नका, काम सोपवा: त्याच देशात निघालेल्या नव्या स्वयंसेवकाची भाषेची तयारी करून घ्यायला सांगा.