समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना: गावातून निघण्यापासून तिसऱ्या भेटीपर्यंत

कापूस वेचणीच्या दिवसांत माझी झोप उडाली. अंग थकलेलं, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली असन, अंगारा लावून पाय." तोही लावला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनीच यवतमाळच्या एका समुपदेशक मॅडमचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी मी दोन महिने पर्समध्ये घेऊन फिरले. तिथे नेमकं काय होतं हे ठाऊक असतं तर एवढे दिवस घालवले नसते, म्हणून हे लिहिते.

आधी माणूस नीट निवडा

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) या सरकारी संस्थेकडे असते, तो नंबर बिनधास्त मागा. समुपदेशक असतील तर मानसशास्त्राचं शिक्षण कुठे आणि किती झालं ते विचारा, कारण तशी पाटी कुणीही लावतो. मी आधी एका ठिकाणी गेले होते. तिथे दहा मिनिटांत "पॉझिटिव्ह विचार करा, देवाचं करा" म्हणून पैसे घेतले. तो उपदेश झाला, समुपदेशन नव्हे.

घरातल्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा दिवसचे दिवस खाणंपिणं सुटलं असेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. पैशांची अडचण असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात मनाच्या आजारांचा विभाग कोणत्या वारी चालतो ते विचारून या.

फोनवरच विचारून घ्या

एका भेटीची फी किती, वेळ किती (साधारण ४५ मिनिटं ते तासभर), आयत्या वेळी येता आलं नाही तर पैसे जातात का. आणि एक प्रश्न आपल्या भागातल्यांनी विचारलाच पाहिजे: एसटी उशिरा आली तर सांभाळून घ्याल का? आमच्या गावची परतीची शेवटची बस साडेपाचला आहे, म्हणून मी दुपारी दोनची वेळ मागितली आणि ती मिळाली.

जायच्या दिवशी

कागदावर चार ओळी लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, बीपी-थायरॉइडच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, तंबाखू किंवा दारू असेल तर तेही. तिथे बसल्यावर अर्धं आठवत नाही. सोबत कुणी असेल तर त्यांना बाहेर बसवा. माझी नणंद दीड तास बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने एकदाही विचारलं नाही की आत काय झालं. असं माणूस सोबत न्यावं. गावात कुणी विचारलं तर "दवाखान्यात चालली" एवढं पुरे.

पहिली भेट

आधी एक फॉर्म भरून घेतात. मग मॅडम सांगतात की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. हे नुसतं आश्वासन नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. मुख्य अपवाद असतो तो तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा, किंवा कोर्टाने मागितलं तर. तो अपवादही त्यांच्याच तोंडून ऐका. नवरा किंवा सासरचे फोन करून विचारतील तेव्हा काय सांगाल, हेही तेव्हाच विचारा.

मला भीती होती की शुद्ध भाषेत बोलावं लागेल. तोंडातून निघालं ते, "मॅडम, मले गमतच नाही." त्यांनी पेन खाली ठेवला. "कवापासून गमत नाही?" मी म्हटलं, "थोरले दीर गेले तवापासून." बोलले आणि मीच दचकले. मी झोपेची तक्रार घेऊन गेले होते. दिरांचं नाव आमच्या घरात तीन वर्षं कुणी घेतलं नव्हतं. पुढचा बराच वेळ मी नुसती रडले आणि मॅडम गप्प बसून होत्या. ती शांतता अवघड वाटली, पण त्यांनी ती मोडली नाही हे बरं केलं.

पहिल्या भेटीत इलाज होत नाही. त्या घरची माणसं, कर्ज, आजारपणं, लहानपण असं बरंच विचारतात. जे सांगायचं नाही तिथे "हे आज नको" म्हणा, चालतं. त्या संध्याकाळी डोकं जड झालं आणि मी जेवले नाही. दाबून ठेवलेलं वर आलं की असं होऊ शकतं. जमलं तर तो दिवस कामाचा धरू नका.

दुसरी-तिसरी भेट

आता दोघं मिळून ठरवता की काय बदलायला हवं. घरी करायला काम मिळतं. मला वहीत रोज झोपायची आणि जाग यायची वेळ लिहायची होती. जाग आली की अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं होतं. तिसऱ्या भेटीला विचारा: अजून किती भेटी लागतील, फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं? सूर जुळत नसेल तर तसं त्यांना सांगा. चांगला समुपदेशक राग मानत नाही, दुसरं नाव सुचवतो. मानसोपचारतज्ज्ञाने गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

मधल्या दिवसांत जीव नकोसा वाटला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायच्या सरकारी सेवेचा नंबर आहे. २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी अशा वेळी त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवावं.

पेरणीच्या दिवसांत यवतमाळला जाणं जमत नाही, तेव्हा मॅडम फोनवर बोलतात. घरात कान फार, म्हणून मी वावरातल्या बाभळीखाली जाते. तिथे रेंज बरी असते. आधी फोन पूर्ण चार्ज करते, आणि नणंदेला सांगून ठेवते की तासभर तिकडे कुणाला पाठवू नको.