कापसाच्या भावाचा कॉलम आकड्यांत बदलताना

काट्याच्या पावत्यांवरून भरलेल्या एक्सेलमध्ये भाव 'रु. ७,२५०', '७२५०/-', '६८००-७२५०' असे हवे तसे टाकलेले असतात. त्यावर थेट बेरीज चालत नाही. पायथन भाषेतल्या पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत क्रम असा ठेवा:

१. फाइल वाचतानाच कॉलम मजकूर म्हणून घ्या. मूळ कॉलम तसाच राहू द्या, सफाई नव्या कॉलममध्ये करा.

२. 'ट्रान्सलेट' वापरून देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदला.

३. 'रु.' टिंबासकट काढा. फक्त अक्षरं काढली तर टिंब उरतं आणि '.७२५०' म्हणजे पाऊण रुपयाहून कमी भाव तयार होतो. एरर येत नाही, म्हणून ही चूक सर्वांत घातक. 'स्ट्र.रिप्लेस'मध्ये 'रेजेक्स' (नमुन्यानुसार शोध) फॉल्स ठेवा, ते ट्रू असेल तर टिंबाचा अर्थ 'कोणतंही अक्षर' होतो.

४. मग '/-', स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरातली न दिसणारी चिन्हंही इथेच काढा.

५. '६८००-७२५०' सारख्या ओळी आधीच वेगळ्या करा. त्यातली आडवी रेघ काढली, तर भाव सहा कोटींच्या वर जातो! दोन्ही आकडे वेगळ्या कॉलममध्ये ठेवणं बरं.

६. शेवटी मजकुराचे आकडे करणारं 'टू_न्यूमेरिक' चालवा, त्यात 'एरर्स' बरोबर 'कोअर्स' द्या, म्हणजे आकडा न होणारी जागा रिकामी राहते. मूळ कॉलम भरलेला पण नवा रिकामा, अशा ओळी छापून डोळ्यांनी बघा.

रिकाम्या जागी शून्य भरू नका, सरासरी भाव खोटाच खाली येतो.