'द द द' शोधताना : एलियट-येट्सच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी

पीएच.डी.चा विषय घरी सांगितला तेव्हा काका म्हणाले, "बघ, शेवटी त्यांनाही आपल्याकडेच यावं लागलं." आधुनिकतावादी इंग्रजी कवितेतलं भारतीय तत्त्वज्ञान, असा विषय घेणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. ऐकायला बरं वाटतं. माझं पहिलं दीड वर्ष या वाक्याला पुरावे जमवण्यात गेलं आणि त्यातलं जवळजवळ काहीच प्रबंधात राहिलं नाही. नव्याने या विषयाला हात घालणार असाल तर माझ्या चुका आधी ऐकून घ्या.

दहावीला संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी. आपल्याकडे बहुतेक जण त्यासाठीच घेतात. एम.ए.ला टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' (१९२२) ही कविता शिकताना शेवटच्या भागात, मेघगर्जनेतून, 'दत्त, दयध्वम्, दाम्यत' आलं आणि वर्गात एकदम ताठ बसले. हे आपलं आहे, हे मला येतं! टीपेत एलियटने पत्ता दिलेला, बृहदारण्यक उपनिषद, ५, १. मी उपनिषद काढलं, पाचव्या अध्यायाचं पहिलं ब्राह्मण (म्हणजे पोटविभाग) उघडलं, तर तिथे 'पूर्णमदः पूर्णमिदम्'. मेघगर्जनेचा पत्ता नाही. अख्खी दुपार मी प्रत सदोष आहे असं समजून दुसरी प्रत शोधत बसले. गोष्ट पुढच्याच ब्राह्मणात आहे, ५.२ मध्ये. कवीची टीप म्हणजे पंचनामा नव्हे, हा पहिला धडा असा फुकट मिळाला.

खरा धडा त्यानंतरचा. गाइडना पहिलं प्रकरण दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं की एलियटने उपनिषदातली शिकवण 'जशीच्या तशी' घेतली. एका समीक्षेच्या पुस्तकातून मी ते उचललं होतं. मॅडमनी एवढंच विचारलं, "मूळ वाचलंस की मुळाबद्दल वाचलंस?" मूळ वाचलं होतं, पण वाक्य जुळतंय का एवढंच पाहिलं होतं. मग दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने वाचायला लागले.

मूळ गोष्ट छोटी आहे. देव, मनुष्य आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही मुलं ब्रह्मचर्य संपल्यावर उपदेश मागतात. प्रजापती प्रत्येकाला एकच अक्षर देतो, 'द'. देवांना त्यात 'दाम्यत' ऐकू येतं, स्वतःला आवरा. माणसांना 'दत्त', द्या. असुरांना 'दयध्वम्', दया करा. ज्याच्यात जे कमी, ते त्याला ऐकू येतं. शंकराचार्यांच्या भाष्यात तर असंही आहे की हे देव आणि असुर वेगळे कोणी नव्हेत, माणसांमध्येच तिघं आहेत. आता एलियटचा क्रम पाहा : दत्त, दयध्वम्, दाम्यत. माणसाचा 'द' त्याने पहिला घेतला आणि देवांचा शेवटी ढकलला. शिवाय 'दाम्यत'च्या खाली येते ती कसलेल्या हाताला आनंदाने साथ देणारी होडी. म्हणजे मुळात स्वतःचं दमन आहे आणि कवितेत दुसऱ्या कुणाच्या तरी हातातली लगाम. शब्द तोच ठेवून अर्थाची दिशा फिरवलेली. हे दिसलं त्या दिवशी मला विषय सापडला असं मी मानते. प्रभाव मोजण्यापेक्षा फरक मोजा. कवीने काय घेतलं हे सगळेच सांगतात. काय हलवलं, काय गाळलं, कुठे चुकला, ते तुम्ही सांगा.

एलियटचं शिक्षण मात्र पोकळ नव्हतं. १९११ ते १९१३ च्या सुमारास हार्वर्डमध्ये तो चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला, जेम्स वूड्स यांच्याकडे पतंजली. पुढे १९३३ च्या व्याख्यानांत त्याने स्वतःच कबूल केलं की या अभ्यासाने आपण ज्ञानी झालो, पण गोंधळलेले ज्ञानी. त्याच सुमारास त्याने हेही सांगितलं की त्या विचारात खरोखर शिरायचं तर अमेरिकन-युरोपीय म्हणून विचार करणं सोडावं लागेल, आणि ते त्याला नको होतं. १९२७ मध्ये तो अँग्लिकन चर्चमध्ये गेला. काकांच्या वाक्याला हा माणूस पुरावा म्हणून काही उपयोगाचा नाही.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. सिनॉप्सिसच्या शीर्षकात मी 'उपनिषदे आणि गीता' लिहिलं होतं. नागपूरच्या एका मैत्रिणीने ते वाचून विचारलं, "तिसरा भाग फाडून टाकलास का?" 'द वेस्ट लँड'च्या तिसऱ्या भागाचं नावच 'द फायर सर्मन'. गयेला, पूर्वी अग्निपूजक असलेल्या एक हजार जटाधाऱ्यांपुढे बुद्धांनी केलेला उपदेश : डोळा जळतो आहे, जे दिसतं ते जळतं आहे. पालीत तो आदित्तपरियाय सुत्त. तिच्या घरी बुद्धवंदना रोजची, हे नाव तिनेच मला सांगितलं. माझ्या डोक्यातला 'भारतीय विचार' संस्कृतच्या वर्गापुरताच होता, हे तिच्या एका प्रश्नाने दाखवलं. एलियटने हे सुत्त हेन्री क्लार्क वॉरनच्या इंग्रजी भाषांतरातून घेतलं आणि भागाच्या शेवटी बुद्धांच्या जळण्याला संत ऑगस्टीनच्या ओळींशेजारी बसवलं. पाली येत नसेल तर निदान पाली विभागातल्या कुणाशी ओळख करून घ्या. आमच्या इंग्रजी विभागापासून तो दोन मजले खाली होता आणि मी तीन वर्षं तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सकडे मी उशिरा वळले. मी अमरावतीची. मुंबई-हावडा गाडीने आलं की बडनेऱ्याला उतरायचं, ऑटो पकडायचा, घरी जायचं. या स्टेशनाशी येट्सचा काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण श्री पुरोहित स्वामी जन्मले ते १८८२ मध्ये बडनेऱ्यातच. त्यांच्या आत्मकथेला १९३२ मध्ये येट्सने प्रस्तावना लिहिली. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानस यात्रेचं वर्णन मराठीत लिहिलं होतं. स्वामींनी ते इंग्रजीत आणलं, १९३४ मध्ये 'द होली माउंटन' नावाने ते निघालं आणि प्रस्तावना पुन्हा येट्सची. त्याच काळातली त्याची 'मेरू' ही कविता काढा, बर्फाखालच्या गुहांतले तपस्वी दिसतील. वाटेत एक मराठी पुस्तक आहे, हे इंग्रजीच्या वर्गात मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९३५-३६ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं भाषांतर केलं. संस्कृत स्वामींचं, इंग्रजी येट्सचं. १९३७ मध्ये ते फेबरने काढलं, म्हणजे ज्या प्रकाशनसंस्थेत एलियट संचालक होता तिथेच. मला हा तपशील अजून गमतीचा वाटतो : एक संस्कृत शिकून बाजूला झालेला, दुसरा संस्कृत न शिकताच उपनिषदं इंग्रजीत लिहून मोकळा झालेला. येट्सला जुन्या भाषांतरांतल्या अवजड, जुनाट इंग्रजीचा तिटकारा होता. त्याला बोलण्याची भाषा हवी होती. ईशावास्याचे अठरा मंत्र मूळ, एखादं मराठी गद्य भाषांतर आणि हे इंग्रजी असे तीन रकाने करून एकदा वाचा. चार दिवस जातील, पण चार सेमिनारांपेक्षा जास्त मिळेल.

गीतेसाठी 'द ड्राय सॅल्व्हेजेस' (१९४१) घ्या, आठव्या अध्यायाचा सहावा श्लोक समोर ठेवून. अंतकाळी मन जिथे असेल तीच गती, असं गीता म्हणते. एलियट त्यात कंसात घालतो की मरणाची वेळ म्हणजे प्रत्येक क्षण. इंग्लंडवर बाँब पडत होते ते दिवस. इथे मी मुद्दाम जास्त लिहीत नाही, माझं या कवितेवरचं प्रकरण सगळ्यात कच्चं निघालं होतं.

मराठीकडे वळाल तर मर्ढेकर येतीलच. 'एलियटचा प्रभाव' हे वाक्य त्यांच्या नावाशेजारी इतकं छापून झालंय की ते सोडाच. 'काही कविता' (१९४७) मधली ओवी-अभंगांची चाल तपासा. संतांच्या छंदात गिरणीचं आणि उंदरांचं जग कसं मावलं, हा एलियटकडे नसलेला प्रश्न आहे.

कामाचं थोडं. विषय ठरवण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा. 'वेस्ट लँड आणि उपनिषदे' या जोडीवर नवीन काही सांगायचं नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. १९७१ मध्ये निघालेली वेस्ट लँडच्या हस्तलिखिताची छायाप्रत जरूर मिळवा. एलियटचा कविमित्र एझरा पाउंडने बाकी भागांवर निर्दयपणे पेन्सिल चालवली, पण मेघगर्जनेच्या भागाला जवळपास हातच लावला नाही. आणि नोकरीचं विचाराल तर नेट आधी काढून ठेवा. मी पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, तिथे मेघगर्जना नाही, कम्युनिकेशन स्किल्स शिकवावं लागतं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी एकच खरा प्रश्न विचारला. "शेवटी तीन वेळा शांतिः आहे. ॐ कुठे गेला?" आमच्या घरी शांतिपाठ म्हणजे पूजा संपली, आता प्रसाद, त्याआधीचा ॐ मी कधी वेगळा ऐकलाच नव्हता. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, "सर, ॐ म्हणायचा तर नीट बसून, पाठ सुरू करून म्हणावा लागतो. त्या कवितेत शेवटी कुणीच नीट बसलेलं नाही. भाषांचे तुकडे, पडलेला पूल, वेडा हायरोनिमो. त्यांना फक्त शेवट आठवतोय."

सरांनी प्रबंधाची पानं मागे-पुढे केली. "हे यात कुठे आहे?"

नव्हतं.