शेवटचा अंतरा ऐकूनच उठा

गंगाखेडला तहसीलच्या वळणावर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत आसपासच्या खेड्यांच्या पत्रिका, बॅनर, वर्गणीची पावती पुस्तकं आमच्याकडेच होतात. त्यामुळे कोणत्या गावात कुणाचं गायन आहे, हे मला त्या गावाच्या आधी कळतं. दुकानात येणारी कॉलेजची पोरं हल्ली विचारतात, "ताई, डीजे नाही, बसून ऐकायचं आहे. कुठं जावं? आणि तिथं जाऊन नेमकं करायचं काय?" स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बसवणारा आणि स्वतःच पेटीवर बसून गाणारा कवी-गायक ऐकायची एक रीत असते. आम्ही ती मावशी-मामीच्या मांडीला मांडी लावून शिकलो. ज्यांना तशी मांडी मिळाली नाही, त्यांच्यासाठी लिहिते.

आधी तारीख. जयंती १४ एप्रिलची असली तरी खेड्यावरची गायनं मे संपेपर्यंत चालतात. वर्गणी कधी जमते आणि गायन पार्टीची तारीख कधी मिळते, त्यावर गावाचा दिवस ठरतो. म्हणून १४ तारखेला शहरात मिरवणुकीत धक्के खा हवं तर, पण ऐकायला नंतरच्या आठवड्यात एखाद्या लहान गावी जा. १४ जानेवारीला संभाजीनगरला विद्यापीठ गेटवर जाणारे पुष्कळ आहेत. १९९४ साली त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तिथं जाऊन नतमस्तक व्हावं, पुस्तकं घ्यावीत. गाणं मात्र नीट कानावर पडेल याची खात्री नाही, एका स्टेजचा आवाज दुसऱ्यावर येतो. १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती भर पावसाळ्यात येते, कार्यक्रम बहुतेक सभागृहात. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळा-कॉलेजांतून पोवाडे होतात. तेही ऐका, फक्त त्यावरून शाहिरीचा अंदाज बांधू नका.

पत्रिकेवर सायंकाळी सातची वेळ असते. मीच छापते, मला माहीत आहे. सातला तिथं ऐकणारं कुणीच आलेलं नसतं. तरीही सातलाच जा. कारण साउंडवाला "हॅलो, माइक टेस्टिंग" करत असतो, बँजोवाला तारा लावत असतो आणि कवी मंडपाच्या मागं चहा पीत मोकळा बसलेला असतो. एकदा हार-नारळ सुरू झाले की तो तुम्हाला सापडत नाही. "जय भीम दादा, यंदा नवीन काय लिहिलंय?" एवढं विचारलं तरी पुरे. बहुतेक कवी खिशातून चिठोऱ्या काढतात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या शाहिरांकडे रोजमेळाची लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर उजवीकडं "चाल" म्हणून सिनेमातल्या गाण्याची ओळ, खाली ध्रुवपद, मग अंतरे. खाडाखोड झाली की शाहीर कागदाची पट्टी चिकटवतात आणि तिच्यावर नवी ओळ लिहितात. काही पानं अशी पट्ट्यांनी फुगून जाड झालीत. मी एकदा ती वही झेरॉक्स करून दिली, तेव्हा काचेवर पान सपाट बसता बसेना.

त्या "चाल"वरून नाक मुरडणारे भेटतील. सिनेमाची चाल घेतली म्हणजे काय मोठं केलं, असं म्हणतात. पण समोरच्या मंडपात निम्म्या माणसांना वाचता येत नव्हतं त्या काळची ही पद्धत आहे. चाल आधीच तोंडात बसलेली असली की नवे शब्द एका ऐकण्यात पाठ होतात. तेव्हा मूळ गाणं ओळखल्याची शेखी न मिरवता शब्दांकडं लक्ष द्या.

दहाचं गणित मात्र नीट समजून घ्या. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारला बारापर्यंत सूट देता येते. जयंतीचा दिवस त्यात बहुतेक असतोच, पण खेड्यावरचं गायन जयंतीच्या दिवशी नसतं. म्हणजे सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत यात साडेआठ वाजतात आणि गाण्याला तास-दीड तास उरतो. त्यात पहिली वंदना, मग लोकांच्या तोंडची जुनी गाणी. कवीची स्वतःची, नवी गाणी नेमकी शेवटी येतात, तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात. तुम्ही हलू नका. काही गावांत दहाला माइक बंद झाला की जाणकार मंडळी सतरंजी स्टेजजवळ ओढतात, आणि पेटी-ढोलकीवर बिनामाइकचं गाणं पुन्हा सुरू होतं. असं दिसलं तर पुढं सरका. गाणाऱ्याचा खरा गळा तिथं कळतो आणि कोरसवाल्यांचाही.

यासाठी परतीची चिंता आधी मिटवावी लागते, बायकांनी तर नक्कीच. डेपोत विचारा, त्या गावाला मुक्कामी एसटी आहे का. ती संध्याकाळी जाते, रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत येते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघी-तिघी मिळून जाणं परवडतं. रात्रीचं कुणाकडं टेकायचं ते ठरवून ठेवा. नातं नसलं तरी "गायनाला आलो" म्हटलं की कुणी ना कुणी ओसरी देतं. जानेवारीत शाल आणि कानाला रुमाल, एप्रिल-मेमध्ये पाण्याची मोठी बाटली. खाली बसायला स्वतःची चादर न्या, आयोजकांची ताडपत्री दिवसभर उन्हात तापलेली असते. स्पीकरच्या बॉक्ससमोर अजिबात बसू नका, लेकरं असतील तर मुळीच नाही. बायकांची बाजू बऱ्याचदा नेमकी तिथंच ठेवतात. साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ जागा धरा. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच लावतो, म्हणून सगळ्यात साफ आवाज तिथं मिळतो.

आता मुख्य गोष्ट. कवीचं नाव शेवटच्या अंतऱ्यात असतं.

ही रीत आपल्या भागाला नवी नाही. जनाबाई आमच्या गंगाखेडची, नामदेव पलीकडं हिंगोलीतल्या नर्सीचे. "जनी म्हणे", "नामा म्हणे" ऐकतच आम्ही वाढलो. वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली आणि गायली, त्यांच्या शेवटच्या कडव्यात बहुतेकदा "वामन" येतो. गावातला साधा कवीसुद्धा तसंच करतो. तो अंतरा जवळ आला की ओळखता येतं. पेटी जराशी थांबते, ढोलकीवाला मान वर करून कवीकडं बघतो, कोरसवाले श्वास घेतात. नाव उच्चारलं की समोरचे जुने लोक हात वर करतात, "व्वा शाहीर!" म्हणतात आणि मगच ध्रुवपदाला पुन्हा उसळी येते. टाळी वाजवायची ती इथं. अंतऱ्याच्या मध्ये वाजवलेल्या टाळीत शब्द बुडतात. ध्रुवपदाला बिनधास्त साथ द्या, मोठ्यानं द्या. अंतरा मात्र एकट्या त्याचा.

आणि नेमकं हेच नाव मोबाइलमुळं हरवतंय. स्टेटसला टाकायचं म्हणून सगळे ध्रुवपद आणि पहिला अंतरा उचलतात. तो तुकडा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो, महिन्याभरात त्याला "पारंपरिक" असं लेबल लागतं आणि लिहिणारा माणूस पलीकडच्या गावात जिवंत असतो! याहून वाईट प्रकारही आहे. दुसरा गाणारा शेवटच्या अंतऱ्यात मूळ कवीच्या जागी स्वतःचं नाव घालतो. हे पकडणं अवघड नाही. कवीनं ओळ आपल्या नावाच्या मापानं बांधलेली असते. तीन अक्षरांच्या जागी पाच अक्षरं कोंबली की ओळ लंगडते, गाणारा तिथं घाई करतो किंवा यमक सुटतं. कानाला असं काही खटकलं तर कार्यक्रमानंतर एखाद्या जुन्या ऐकणाऱ्याला विचारा. स्टेजवर जाऊन भांडू नका.

रेकॉर्डिंग करायचंच तर आधी पार्टीला विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्यालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. घरी ऐकायला घेणं वेगळं, यूट्यूबवर चढवणं वेगळं. लिहिणाऱ्याचा हक्क तर त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा २०६४ सालाअखेरपर्यंत. परवानगी मिळाली की मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन अंतऱ्यात घरून फोन येतो. व्हिडिओपेक्षा नुसता आवाज घ्या. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मिनिटाला १०० एमबीच्या आसपास खातो, १२८ केबीपीएसचा ऑडिओ मिनिटाला साधारण एक एमबी. पूर्ण कार्यक्रम शंभर-दीडशे एमबीत बसतो आणि शेवटचा अंतरा सुटत नाही. मोबाइल हातात धरून बसू नका, बोटं घासल्याचा आवाज येतो. ओढणीची घडी करून तिच्यावर ठेवा. फाइलला तिथंच नाव द्या: कवी, गाव, तारीख, ध्रुवपदाची पहिली ओळ. सकाळी देऊ म्हणाल तर ती कायमची "न्यू रेकॉर्डिंग चौदा" राहते.

बक्षिसाचं शास्त्र थोडक्यात. गाणं चालू असताना नोट घेऊन स्टेजवर चढू नका. निवेदक मग "अमुक अमुक यांच्याकडून शंभर रुपये" म्हणतो आणि अर्धा अंतरा त्याच्यात जातो. दोन गाण्यांच्या मध्ये द्या, दहाची नोट असली तरी चालते. नोटा उधळू नका. ढोलकीवाल्याला आणि कोरसला वेगळे द्या, कारण पार्टीच्या वाटणीत त्यांच्याकडं कमीच येतं. हल्ली काही जण पेटीला क्यूआर कोड चिकटवतात. तो कुणाच्या खात्याचा आहे ते एकदा विचारून घ्या, कधी कधी तो आयोजकांचा असतो.

फर्माइश चिठ्ठीवर लिहून द्या. गाजलेलं गाणं मागायचं नाही, ते तो म्हणणारच आहे. "तुमचं स्वतःचं, जास्त न म्हटलेलं एखादं म्हणा" असं लिहा. माझी जाऊबाई एकदा "तुमच्या आईवर लिहिलंय का काही?" एवढंच लिहून चिठ्ठी पुढं सरकवून मोकळी झाली. शाहिरांनी चष्मा पुसला, वहीची मागची पानं चाळली आणि बँजोला थांबायला सांगून नुसत्या पेटीवर म्हटलं. त्या गाण्याला सिनेमाची चाल नव्हती. ते गाणं आजही त्यांच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही.

ऐकून आल्यावर दुसऱ्याला सांगताना "लई भारी झालं" यानं काही कळत नाही. एक अंतरा पूर्ण लिहून पाठवा, वर चाल, खाली कवीचं नाव आणि गाव. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर नियमच केला आहे, बिननावाचं गाणं टाकलं की पुढच्या वेळचा चहा तिच्याकडं. शब्दाची शंका असेल तर कवीला फोन करून विचारा. त्यांना राग येत नाही, उलट अर्धा तास बोलतात. पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, कार्यक्रमाचे फोटो जपून ठेवा आणि वर्षाच्या शेवटी एक संच त्या कवीला नेऊन द्या. वयस्क कलावंतांना राज्य सरकारचं मानधन मिळतं, त्याच्या अर्जाला कार्यक्रम केल्याचे पुरावे लागतात. आयुष्यभर गायलेल्या माणसाकडं एक पत्रिकाही निघत नाही, हे मी काउंटरवर बसून बघते. झेरॉक्सचे पैसे अशा वेळी मी घेत नाही, पण माझ्याकडं नसलेल्या पत्रिकेची झेरॉक्स कुठून काढणार?

असं ऐकता ऐकता आपल्याच वस्तीत कार्यक्रम ठेवावासा वाटेल, वाटलाच पाहिजे. बिदागी आधी ठरवा, निम्मी आगाऊ द्या, गाडीभाडं वेगळं धरा. जेवण गाण्याच्या दोन तास आधी किंवा गाणं संपल्यावर. भरल्या पोटी वरचा सूर लागत नाही. सत्कार तीनच, तेही सातच्या आत उरका. आणि पत्रिका करायला याल तेव्हा कवी-गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, त्याच्या गावासकट लिहून आणा. जागा उरत नाही असं मंडळातलं कुणी म्हणालं, तर शुभेच्छुकांचे दोन फोटो कमी करा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त जागा तेच खातात.